डीपीतलं तेल

आमच्या गावातल्या गुडघ्यांची मले किळस आली आहे. माणसांची नाही म्हणत. माणसं कधीमधी बरी वागतात. पण गुडघे! ज्याले पाहा त्याचे दुखून राहिले, अन् ज्याचे दुखत नाही तोही उद्या दुखतील म्हणून आजच बाटली भरून ठेवते.

गावाचं नाव मी सांगणार नाही. सौंसर तहसीलमध्ये आहे, बोरगावहून फार लांब नाही, एवढं पुरे झालं. नाव सांगितलं तर पोरींच्या सोयरिकी व्हायच्या नाहीत.

तर आमची डीपी. शिकलेले लोक ट्रान्सफॉर्मर म्हणतात. दोन खांबांच्या मधात बसवलेली लोखंडाची पेटी, तिच्या बाजूले नळ्या. मोठ्या लाइनची वीज आत जाते अन् आपल्या मोटरीले झेपेल एवढी होऊन बाहेर निघते. आमच्या शिवारात त्रेसष्ट केव्हीएची एकच डीपी, तिच्यावर नऊ घरच्या मोटरी. त्या पेटीत सव्वाशे लिटर तेल असते, अन् ते तेल म्हणजे आमच्या गावाचं औषध! पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं कोणास ठाऊक, पण आता पोट्ट्यासोट्ट्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांले पाठ आहे. एवढा करंट पेलणारं तेल, मंग हाडात किती गरमी धरत असन, सांगा! गुडघ्याले लावतात, कंबरेले लावतात, बैलाच्या खांद्याले लावतात. शेजारच्या शकुंतलेनं तर सर्दी झाली म्हणून नातवाच्या छातीले चोळलं. पोराच्या छातीवर पुरळ आली, तर म्हणे सर्दी बाहेर निघून राहिली.

रघुनाथराव गुरुजींची गोष्ट सांगायलेच नको, पण सांगते. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेला माणूस. एक दिवस आमच्या ओसरीवर चहा प्यायले बसले अन् कोणी विचारलं नाही, काही नाही, पायजामा वर करून गुडघा दाखवला. कातडी काळी पडलेली, तिच्यावर फोड, दोन-तीन फुटून पाणी येऊन राहिलेलं, अन् त्याच्यावर तेलाचा चिकट थर. त्या थरावर एक माशी बसली होती, तिले उडता येत नव्हतं. "विकार निघून राहिला, जयवंताबाई," म्हणाले, फोडावरून बोट फिरवलं अन् त्याच बोटानं चहाची बशी उचलली. ती बशी मी राखेनं तीनदा घासली अन् मंग फेकूनच दिली.

मले हेही चाललं असतं. ज्याचे गुडघे त्याचे, सडवा नाहीतर तळून खा. पण त्या तेलावर माहे दोनशे ऐंशी झाडं उभे होते.

जुना संत्र्याचा बगीचा डिंक्या रोगानं गेला, अन् त्याच वर्षी माहा नवरा, गौरवचे बाबा, गेले. लोक म्हणाले, जयवंता आता वावर ठेक्यानं देईन अन् पोराजवळ बसून भाकरी खाईन. मी खड्डे खणवले. एकेक कलम मी हातानं लावलं. सहा वर्षं झाली. यंदा पहिल्यांदा अंबिया बहार धरला होता. मे महिन्यात फळ बोरापेक्षा मोठं अन् लिंबापेक्षा लहान असते, अन् तेच दिवस वाईट असतात. चार दिवस पाणी चुकलं की देठ पिवळा पडते अन् फळ खाली. महिनाभर चुकलं की झाडच चुलीत घाला.

एप्रिलच्या सुरुवातीले कोणीतरी डीपीचं तेल काढलं अन् डीपी जळाली. आम्ही नऊ घरांनी ट्रॅक्टर काढला, जळालेली पेटी दोरानं बांधून सौंसरले नेली. तिथं यादी, नंबर, आज या, उद्या या. सतरा दिवसांनी दुसरी डीपी भेटली. ते सतरा दिवस मी टँकरचं पाणी झाडाले बादलीनं पाजलं. बादलीनं! फळ थोडं गळलं, पण बहुत राहिलं.

नवी डीपी आली तेव्हा गावानं पूजा केली. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, खांबाच्या पायथ्याशी शेंदूर फासून एक गोटा ठेवला. मले वाटलं, चला, अक्कल आली. मंग पाहते तर काय, आरती संपल्याबरोबर गुरुजींनी थैलीतून पाण्याची रिकामी बाटली काढली. त्यांच्या मागं आणखी पाच-सात जण बाटल्या घेऊन उभे. "नवं तेल आहे, शुद्ध आहे," गुरुजी लाइनमनले म्हणून राहिले होते, "प्रसाद म्हणून थोडं थोडं दे."

आमचा लाइनमन श्रीकांत भला माणूस आहे, पण त्याच्याकडं चौदा गावं. त्यानं हात जोडले. "गुरुजी, आत तांब्याची कॉइल असते, ती या तेलात बुडून राहते. करंटनं कॉइल तापते, तेल ती गरमी घेते, बाजूच्या नळ्यांत जाऊन हवेनं थंड होते अन् परत आत येते. तेल कमी झालं की कॉइल उघडी पडते, अन् मंग धमाका. तुमच्या अंगातलं अर्धं रक्त काढून मी मोटरसायकलच्या चेनले लावलं तर चालेन का?"

"रक्ताची गोष्ट वेगळी," गुरुजी म्हणाले.

म्हणजे बत्तीस वर्षं यांनी पोरांले काय शिकवलं असन! मी पुढं झाली अन् बाटल्यांची थैली उचलून नाल्यात फेकली. श्रीकांतनं तेल काढायचा खालचा वॉल्व आवळला, त्याच्यावर तार गुंडाळली, अन् मले आतलं तेल दिसणारी वरची काच दाखवली. "काकू, तेल या लाल रेघेच्या खाली जाऊ देऊ नका. यंदा दुसऱ्यांदा जळाली तर पंचनामा होईन, अन् नंबर यादीत एकदम खाली जाईन. मंग पाऊस आला तरी भेटत नाही."

त्या दिवसापासून मी डीपीसमोर बसली. सकाळी उजाडल्यापासून संध्याकाळपर्यंत, समोरच्या बाभळीखाली एका दगडावर. रात्री गौरव तिथं खाट टाकून झोपे. गौरव माहा पोरगा, अन् त्याची बायको प्रणाली. प्रणाली दुपारी भाकरी घेऊन येई नाहीतर दीड-दोन घंटे स्वतः बसे अन् मले घरी जेवाले पाठवे.

लोक यायचे. काय काय बहाणे! कोणाचं बकरं हरवलेलं, कोणाले सावलीत बसायचं होतं. लुगड्यात लपवलेली बाटली दिसली की मी अशा शिव्या देई की रस्त्यानं जाणारे थांबून ऐकत. "अवं काकू, पावशेरच पाहिजे," एक जण म्हणाली. मी म्हटलं, तुह्या नवऱ्याच्या अंगातून पावशेर काढून दे मले, मंग देते. ती पुन्हा आली नाही.

एकटे गुरुजी बदलले. रोज सकाळी आंघोळ करून हातात जास्वंदीचं फूल घेऊन येत, शेंदराच्या गोट्याले वाहत, खांबाच्या मागून प्रदक्षिणा घालत अन् गुपचूप निघून जात. त्यांचं पाहून आणखी तीन-चार जण तसंच करू लागले. मले बरं वाटलं. माहं ऐकत नाही तर नाही, देवाले तरी भेतात.

पण त्या दगडानं माहे गुडघे धरले. दहा-बारा घंटे एका जागी बसायचं, वरून पंचेचाळीस डिग्री ऊन. संध्याकाळी उठताना जीव जाई. रात्री घरी मी कण्हत पडे. सकाळी गौरव म्हणे, "आई, पांढुर्ण्याले चल, डॉक्टरले दाखवू." मी म्हणे, डीपी कोण सांभाळन, तुहा बाप? मंग एक दिवस त्यानं पांढुर्ण्याच्या वैद्याचं तेल आणलं. कापूर-ओव्याचा वास येई. प्रणाली रोज संध्याकाळी गरम करून चोळून दे. चार दिवसांत मी कण्हायची थांबली. थोडी खाज सुटत होती, पण मे महिन्यात कोणाले घामोळं येत नाही? मी सुनेची तारीफ केली. वैद्याचीही केली.

अन् इकडं काचेतलं तेल उतरू लागलं. पहिले एक बोट, मंग दोन बोटं. मी डोळ्यात तेल घालून बसली होती, तरी उतरलं! श्रीकांतले फोन केला. म्हणाला, मोहगावकडं तारा तुटल्या आहेत, दोन दिवसांत येतो. ते दोन दिवस काही आले नाहीत.

चोर कोण? मी विचार केला अन् माहं डोकं गौतमवर जाऊन थांबलं. गौतमचं वावर डीपीले लागून आहे. सत्तर झाडं, अन् घरी म्हातारी माय, जिले तीन वर्षांपासून जागेवरून उठता येत नाही. मोटरीच्या पाळीवरून त्याचं अन् माहं दोनदा भांडण झालं होतं. तेल त्याच्या हाताशी होतं अन् दुखणं त्याच्या घरात होतं. मले आणखी काय पाहिजे? भर दुपारी, चार माणसांदेखत, मी त्याले चोर म्हटलं. तो म्हणाला, "काकू, मी हात नाही लावला." मी म्हटलं, तुह्या मायचे पाय हुंगून पाहू का? त्यानं कुदळ उचलली अन् निघून गेला. मले तेव्हा वाटलं, सापडला म्हणून पळाला.

त्याच्या दहाव्या दिवशी धमाका झाला. मी घरी जेवाले बसली होती. आवाज असा की ताटातली भाजी हलली. मी हात न धुता धावली. अर्धा कोस वावर, मधात दोन बांध, कुठं थांबली नाही. जाऊन पाहते तर पेटीचं वरचं झाकण उघडलेलं, काळा धूर, अन् गरम तेल नळ्यांवरून खाली वाहून राहिलेलं. प्रणाली बाभळीचं खोड धरून उभी होती. तिले काही लागलं नव्हतं, देवाची कृपा.

सगळा गाव जमला. घंट्याभरात श्रीकांतही आला. आता बरा आला! त्यानं आत बॅटरी मारून पाह्यलं. "तेल अर्ध्यावर आलं होतं. कॉइल उघडी पडली अन् जळाली." मंग खाली वाकून वॉल्व पाह्यला. त्यानं गुंडाळलेली तार सैल होऊन लोंबत होती. "कोणीतरी हा उघडला अन् पुरा आवळला नाही. पंधरा दिवसांपासून थेंब थेंब गळून राहिलं असन. काकू, तुमच्या दगडावरून ही बाजू दिसतच नाही."

खांबाच्या मागं, गवतात, वॉल्वच्या बरोबर खाली, दुधाची एक किटली ठेवलेली होती. तेलानं काठोकाठ भरलेली.

"ही माही," गुरुजी म्हणाले. लाज? अहो, कुठची लाज! "मी वॉल्वले बोट लावलं नाही, शपथेवर सांगतो. आपोआप पडून राहिलं होतं. मातीत जाण्यापेक्षा कोणाच्या कामी आलं तर काय वाईट?"

"आज तुमची पाळी नव्हती गुरुजी," मागून एक बाई म्हणाली. "गुरुवार आमचा असते."

वार वाटून घेतले होते! फूल वाहायचं, प्रदक्षिणा घालायची, मागं जाऊन किटली बदलायची, अन् माह्याकडं पाहून नमस्कार करायचा. तेल गळून राहिलं, डीपी मरून राहिली, हे रोज पाहायचे अन् एकानंही वॉल्व आवळला नाही. यांच्याही मोटरी त्याच डीपीवर होत्या! मी तिथंच बांधाच्या कडेले जाऊन थुंकली.

श्रीकांत म्हणाला, "आता पंचनामा. यादीत पुढं बत्तीस नंबर आहेत. दीड महिना धरा."

दीड महिना. माह्या दोनशे ऐंशी झाडांले आठ दिवसही नव्हते. हे ऐकलं अन् मंग लोकांले राग आला. इतका वेळ नव्हता आला. आता प्रत्येकाले आपापली झाडं दिसू लागली, अन् पहिल्यांदा वॉल्व उघडणारा पाहिजे झाला. किटलीवाले नाही, ते तर गुरुजी! वॉल्व उघडणारा. प्रवीण नावाचा आडदांड गडी आहे, त्यानं गौतमची कॉलर धरली. "जयवंताकाकूनं पहिलेच सांगितलं होतं, हाच चोर आहे."

मी काही बोलणार तेवढ्यात गरम तेलाची एक वाफ माह्या नाकात गेली. त्याच्यात कापूर नव्हता, ओवा नव्हता, पण त्या दोन वासांच्या खाली जो तिसरा वास रोज संध्याकाळी येई, तो हाच होता. मी गौरवकडं पाह्यलं. त्यानं मान खाली घातली. प्रणालीनं पदर तोंडात धरला.

"दोनच बाटल्या काढल्या, आई," गौरव माह्या कानाशी म्हणाला. "तू रात्र रात्र कण्हते, असं प्रणाली सांगे. डीपी सोडून दवाखान्यात येत नव्हती. मले वाटलं, मी वॉल्व नीट बंद केला."

हे आम्ही तिघांनीच ऐकलं. मी खरं सांगते, मी गप्प राहिली. चांगली दोन मिनिटं गप्प राहिली. पोरगा माहा, पोलिसात जाईन. अन् गावात माही जीभ, तिच्या जोरावर मी जगली, ती उद्या कोणासमोर चालवू? मी स्वतःले सांगत होती, गौतमले काय, दोन शिव्या बसतील अन् सोडून देतील. मंग प्रवीणनं त्याच्या कानाखाली मारली. गौतमनं हात वर केला नाही. त्यानं माह्याकडं पाह्यलंही नाही, अन् त्याचंच मले सहन झालं नाही.

"सोड त्याले!" मी ओरडली. "तेल माह्या घरात आलं. माह्या पोरानं काढलं, माह्यासाठी."

कोणाले खरं वाटलं नाही. मंग मी लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं, सगळ्या गावासमोर, अन् दाखवलं. कातडी काळवंडलेली, बारीक फोड, वरून तेलाची चकाकी. गुरुजींच्या गुडघ्याचीच बहीण. मले वाटलं, आता लोक थुंकतील माह्यावर. थुंकायलेच पाहिजे होतं. मी त्याचीच वाट पाहत उभी होती.

गुरुजी गर्दीतून पुढं आले. वाकले, चष्मा वर केला, जवळून पाह्यलं.

"गुण आला का, जयवंताबाई?"

"नाही," मी म्हटलं. "पाय सडले माहे. काडीचा फायदा नाही."

खोटं बोलली मी. दुखणं कमी झालं होतं. चोळण्यानं असन, गरम केल्यानं असन, मले काय माहीत? पण हो म्हटलं असतं तर या शिवारात पुन्हा कधी डीपी टिकली नसती.

गुरुजींनी बांधाकडं बोट दाखवलं. "मंग आत्ता घरून धावत कशा आल्या? मी पाह्यलं. दोन बांध उड्या मारून आल्या तुम्ही."

मंग ते सगळेच्या सगळे, प्रवीणसुद्धा, माह्या गुडघ्यांकडं सरकले. शकुंतला प्रणालीच्या कानाशी लागली, "कापूर किती टाकला होता गं?" प्रवीणनं गौतमची कॉलर कधी सोडली ते त्यालेही कळलं नसन. कोणाले चोराशी काही घेणंदेणं उरलं नव्हतं. श्रीकांत पेटीले पाठ लावून उभा राहिला, कारण दोन जण आतलं उरलेलं तेल आता वायाच जाईन ना, असं विचारून राहिले होते.

मी लुगडं सोडलं अन् त्यांच्यातून वाट काढत गौतमपाशी गेली. त्याचा गाल लाल झाला होता. मी म्हटलं, "बाबू, माही चूक झाली. मी तुह्या मायविषयी जे बोलली, ते..."

"दोनदा मागितलं होतं तिनं," गौतम म्हणाला. "बसल्या जागी पाया पडली माह्या. डीपी जाईन म्हणून मी तिले नाही म्हटलं."

अन् तो आपली सत्तर झाडं पाहायले निघून गेला.